फाटकाबाहेरचे नियोजन

थीम पार्क हा विषय साहित्य-समीक्षेला नवा नाही. लुई मारँ यांनी १९७३ मध्ये डिस्नेलँडचा विचार यूटोपियाच्या अंगाने केला. उम्बेर्तो एको यांनी १९७५ च्या निबंधात अस्सलाहून अस्सल वाटणाऱ्या नकलांचा समाचार घेतला. बोद्रियार यांनी १९८१ मध्ये प्रतिमा आणि वास्तव यांच्या चर्चेत डिस्नेलँडला मध्यवर्ती उदाहरणाचे स्थान दिले. हे लेखन आपल्याकडील साहित्याच्या वर्गांतही शिकवले जाते. मात्र या तिन्ही विचारवंतांचे लक्ष मुख्यतः उद्यान काय दाखवते याकडे आहे. फार तर ते वाहनतळापर्यंत मागे येतात; पाहुणा ज्या घरातून निघाला त्या घरापर्यंत कोणी येत नाही. त्यामुळे एक साधा प्रश्न चर्चेबाहेर राहतो. अशा एका दिवसासाठी आधी किती तयारी करावी लागते, आणि ती कोण करते?

हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तिकीट, गाडी, डबा, छत्री यांची यादी म्हणजे काही इतिहास नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की मौजेच्या दिवसाची पूर्वतयारी हा समाजाच्या वेळेचा इतिहास आहे. कोणाच्या हाती किती दिवस मोकळे होते, ते कोणी ठरवले आणि त्या मोकळेपणासाठी कोणी राबावे लागले, हे या यादीतून जितके स्पष्ट कळते तितके उद्यानाच्या शोभेतून कळत नाही.

या प्रश्नासाठी दिंडोशीहून पाहणे सोयीचे आहे. मुंबईच्या उत्तर उपनगरात, गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांच्यामध्ये हे ठिकाण आहे. शेजारी राज्य शासनाने १९७७ मध्ये स्थापलेली चित्रनगरी आहे. २००१ पासून तिला दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. खोटी गावे उभारणे आणि काम संपताच ती मोडणे, हा तिथला नेहमीचा व्यवहार. दिंडोशीत राहणाऱ्या माणसाला देखावा कसा बनतो हे समजण्यासाठी एकोंचा निबंध वाचण्याची फारशी गरज नसावी. त्याची अडचण निराळी असते. देखावा पाहायला जायचे तर रविवार मोकळा हवा, पैसे बाजूला पडायला हवेत आणि मुलांच्या परीक्षा संपायला हव्यात.

*

मराठी समाजाला सामूहिक प्रवासाचे नियोजन नवीन नाही. पंढरीची वारी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम, मुक्कामाची गावे, विसाव्याच्या जागा, रिंगणाची ठिकाणे हे सारे तेव्हापासून परंपरेने बांधलेले आहे. लाखो माणसे चालतात, जेवतात, झोपतात आणि पुढच्या गावी पोहोचतात. कोणत्याही आधुनिक उद्यानाच्या व्यवस्थापकाला हेवा वाटावा असे हे नियोजन आहे. पण त्यातल्या एकट्या वारकऱ्याला विचारले तर त्याने विशेष काही ठरवलेले नसते. तिथी पंचांगाने ठरवलेली, वाट पूर्वजांनी घालून दिलेली आणि पंगतीची व्यवस्था दिंडीने केलेली. त्याने भिशी भरायची आणि शेतीची कामे उरकून निघायचे.

जत्रेचेही तेच. गावाच्या जत्रेचा दिवस गावाला ठाऊक असतो. पाळणेवाला, मिठाईवाला आणि तमाशाचा फड यांनाही तो ठाऊक असतो. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा या बाबतीत लक्षणीय आहे. तिची तारीख तिथीवर अवलंबून नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि मग जाहीर होते. मुंबईच्या उपनगरांतील चाकरमानी त्या घोषणेची वाट पाहतात, आणि ती होताच गाडीच्या तिकिटांसाठी धावपळ सुरू होते. म्हणजे एका बाजूला कोणीही आधी आखू न शकणारी तारीख आणि दुसऱ्या बाजूला अत्यंत काटेकोर आखणी मागणारी रेल्वे. दिंडोशी-मालाडच्या कित्येक कोकणी घरांना या दोन्हींचा मेळ दरवर्षी घालावा लागतो.

वारी आणि जत्रा यांत नियोजन नाही असे म्हणणे चूक ठरेल. ते भरपूर आहे, पण ते सर्वांच्या मालकीचे आहे आणि कित्येक पिढ्यांमध्ये वाटले गेले आहे. एकेका घराच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो.

*

हे वाटप मोडले ते गिरणीच्या भोंग्याने. कामगाराचा दिवस यंत्राशी बांधला गेला, तेव्हा मोकळा वेळ वेगळा मागून घेण्याची पाळी आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि दीर्घ खटपटीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार. पण आता तो गिरणीमालकाच्या संमतीने मिळालेला वारही झाला. मुंबईतील सहलीचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान येथे उघडते. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्येच लोकांना खुली झाली होती. तिथे जायला कामगाराला दिवस मात्र अठ्ठावीस वर्षांनी मिळाला.

त्यानंतरची कित्येक दशके मुंबईकरांच्या सहलीला फारशी आखणी लागत नसे. राणीची बाग, चौपाटी, पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आरे वसाहतीतील हिरवळ, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, कान्हेरीची लेणी अशी ही ठिकाणे. सकाळी आभाळ पाहून ठरवावे आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन निघावे. अरबीत ‘सहल’ म्हणजे सोपे, सुकर. मराठीतील सहलीशी या शब्दाचे असलेले ध्वनिसाम्य त्या काळाच्या सहलीला तरी शोभून दिसते.

लांबच्या प्रवासाची गोष्ट अर्थातच निराळी होती, आणि मराठी प्रवासवर्णनाने ती नोंदवली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून. घरच्यांची संमती, सोबत, मार्ग यांचा त्यांनी विचार केला होता. १८५७ च्या बंडाचा विचार कोणीच केला नव्हता. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आज आपण तो वाचतो तो आखणी कोलमडल्यानंतर जे घडले त्यासाठी. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० च्या ‘अपूर्वाई’चा सुरुवातीचा भाग विलायतेला जाण्याच्या तयारीवर आहे. त्या तयारीतून निर्माण होणारा विनोद मध्यमवर्गाला इतका ओळखीचा वाटला, याचे कारण स्पष्ट आहे. जिथे जायचे तिथले नियम ठाऊक नाहीत आणि आपण तिथे शोभणार की नाही याची धाकधूक आहे, अशा वेळी माणूस गरजेपेक्षा जास्त तयारी करतो. पूर्वतयारीतला बराच भाग भीतीचा असतो. थीम पार्कच्या संदर्भात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

*

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे सुरू झाले. त्याआधी वॉल्ट डिस्ने यांनी जागेची निवड स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून शास्त्रीय पाहणी करून केली होती. लोकवस्ती कुठे वाढणार, हवामान कसे, महामार्ग कुठून जाणार याचे हिशेब मांडले गेले. इतके करूनही पहिला दिवस फसला. बनावट निमंत्रणांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आले, ताजे डांबर उन्हाने मऊ पडले आणि नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. स्वच्छतागृहे की पाण्याचे नळ, असा प्रश्न आला तेव्हा डिस्ने यांनी स्वच्छतागृहांची निवड केली होती. नियोजनाचा खरा अर्थ अशा निवडीत दिसतो. सर्व काही मिळणार नसते. काय सोडायचे ते आधी ठरवावे लागते.

पुढच्या काळातला बदल आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत डिस्नेलँडमध्ये निरनिराळ्या श्रेणींच्या तिकिटांचे पुस्तक मिळे. सर्वांत रोमांचक खेळांसाठीचे ‘ई’ तिकीट १९५९ मध्ये आले. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन एकच प्रवेशशुल्क राहिले. आता आत गेल्यावर पैशाचा विचार नको, असे वाटले. पण मग प्रत्येक खेळापुढची रांग वाढली. १९९९ मध्ये रांगेत उभे न राहता ठरावीक वेळ आधी राखून ठेवण्याची सोय आली. २०२१ पासून त्या सोयीसाठी वेगळे पैसे पडू लागले. २०२४ पासून फ्लोरिडातील उद्यानात ही राखीव वेळ तेथील हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी घेता येते. तिथल्या भोजनगृहातील जागा साठ दिवस आधी राखता येते. महासाथीपूर्वी ही मुदत १८० दिवसांची होती.

या घडामोडींचा अर्थ असा की रांग नाहीशी झालेली नाही. ती उद्यानातून उचलून घरात, दिनदर्शिकेवर आणून ठेवली आहे. पूर्वी उन्हात उभे राहून जो वेळ जाई तो आता दोन महिने आधी पडद्यासमोर बसून जातो. उद्यान आतून जितके निर्धोक आणि आखीव झाले, तितका आखणीचा भार फाटकाबाहेरच्या कुटुंबावर पडला. ज्याला आधीपासून वेळ, इंटरनेट आणि जास्तीचे पैसे उपलब्ध आहेत तो रांगेत पुढे सरकतो.

*

मुंबईत ही संस्कृती आली ती १९८९ मध्ये, गोराईच्या एस्सेलवर्ल्डच्या रूपाने. सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाचा हा प्रकल्प. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम उभे राहिले. त्याआधी दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झाले होते. दिंडोशीच्या घरातून एस्सेलवर्ल्ड नकाशावर जवळ होते. प्रत्यक्षात बसने मालाड स्टेशन, तिथून पश्चिमेला मार्वे आणि मग खाडी ओलांडायला लाँच असे टप्पे होते. किंवा बोरिवलीला जाऊन गोराईच्या धक्क्यावरून पलीकडे. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक टप्प्यावर गर्दी. राणीच्या बागेसारखे दुपारी बाराला ‘चला’ म्हणून निघण्यासारखे हे ठिकाण नव्हते. प्रवेशशुल्क दिवसभराचे, त्यामुळे उशिरा पोहोचणे म्हणजे पैसे वाया जाणे. मौजेच्या दिवशी घड्याळाकडे पाहण्याची ही सवय लोखंडे यांच्या रविवारला अपेक्षित नव्हती.

त्याच काळात दिंडोशीत दुसरे एक नियोजन चालू होते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली जादा ठरलेली जमीन अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी मिळावी, म्हणून मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून लढा दिला. त्यातून दिंडोशीच्या परिसरात सहा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली. सभासद होणे, हप्ते साठवणे, कज्जे-खटले निकाली निघण्याची वाट पाहणे यात कुटुंबांची वर्षे गेली. याच मृणालताईंना उपनगरातील पाण्याच्या आंदोलनामुळे लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. ज्या उपनगरातल्या स्त्रियांनी नळासाठी हंडे घेऊन मोर्चे काढले, त्याच्याच पलीकडच्या किनाऱ्यावर पुढे पाण्यात खेळण्याचे उद्यान झाले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. एका पिढीने हक्क म्हणून मागितलेली गोष्ट दुसऱ्या पिढीला मौज म्हणून विकत घेता आली, ही प्रगतीच आहे. मात्र पहिल्या पिढीने शिकलेले नियोजन, म्हणजे महिन्याच्या पगारातून आधी काय आणि नंतर काय हे ठरवणे, दुसऱ्या पिढीच्या सहलीतही उतरले. एस्सेलवर्ल्डला जायचे ते दहावीच्या निकालानंतर, बोनस झाल्यावर किंवा गावाहून भाचरे आली की, दरवर्षी नाही. कित्येक घरांत या एका दिवसाची पूर्वतयारी वर्षभर चाले, आणि तिला कोणी नियोजन म्हणत नसे.

२०१३ मध्ये खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी इमॅजिका सुरू केले. शेट्टींच्या ॲडलॅब्जची चित्रपट-प्रक्रिया प्रयोगशाळा होती गोरेगावच्या चित्रनगरीत, दिंडोशीच्या शेजारी. एका अर्थी चित्रनगरीतला देखावा ऐंशी-नव्वद किलोमीटर अंतरावर जाऊन तिकिटाचा झाला. आता लाँच गेली आणि द्रुतगती मार्ग आला. स्वतःची किंवा भाड्याची गाडी, इंटरनेटवरचे तिकीट, शनिवार-रविवार की मधला वार, पावसाळा की मे महिना, असे प्रश्न आले. २ एप्रिल २०२२ रोजी दिंडोशीला मेट्रोचे स्थानक झाले आणि महामार्गालगतचा प्रवास सोपा झाला. तरी उद्यान शहरापासून जितके दूर सरकले तितकी ही सहल गाडी असलेल्यांची आणि शाळांच्या बसची झाली, हे नाकारता येत नाही.

*

आता ‘कोण’ या प्रश्नाकडे येऊ. लोखंडे यांनी मिळवलेला रविवार गिरणीचा होता. चुलीला तो कधी लागू झाला नाही. सहलीच्या आदल्या रात्रीचा स्वयंपाक, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, घरी राहणाऱ्यांचे जेवण, परत आल्यावरचे धुणे हे काम घरातल्या बाईने केले आणि त्याची नोंद कोणत्याही प्रवासवर्णनात झाली नाही. ज्या उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ चालत नाहीत तिथे डब्याचे काम वाचते. पण आतले जेवण किती महाग, ते कोणी किती खायचे, हा हिशेब पुन्हा तिच्याकडेच येतो. आर्ली हॉकशील्ड यांचे ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक १९८९ चे, म्हणजे एस्सेलवर्ल्डच्याच वर्षाचे. नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या दुसऱ्या पाळीबद्दल त्यात लिहिले आहे. सुट्टीची आखणी ही त्याच पाळीचा भाग आहे, असे आम्हांला वाटते.

मराठी पर्यटन-व्यवसायाने ही गोष्ट समीक्षकांच्या आधी ओळखली. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी सुरू केलेल्या केसरी टूर्ससारख्या कंपन्यांनी मराठी कुटुंबांना परदेशातील थीम पार्कपर्यंत नेले. व्हिसा, जेवण, खोल्या, फिरण्याचे क्रम हे सारे कंपनीकडे. टूर लीडर हा एका परीने दिंडीचा प्रमुखच; भिशीच्या जागी हप्ते आले. पुढे याच व्यवसायाने केवळ स्त्रियांसाठी सहली सुरू केल्या आणि त्यांना उदंड प्रतिसाद मिळाला. त्यामागे मैत्रिणींच्या सहवासाची ओढ आहेच. पण दुसरे कारणही असावे: कुटुंबासोबतच्या सहलीत जिला सर्वांचे पाहावे लागते, तिला या सहलीत कोणाचेच पाहावे लागत नाही. नियोजनापासून मिळालेली सुट्टी हीच तिची सुट्टी.

याच्या जोडीला एक आकडा ठेवू. १ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. गणपतीला कोकणात जाऊ इच्छिणारा दिंडोशीकर चतुर्थीपासून मागे दिवस मोजतो आणि त्या सकाळी आठ वाजता मोबाईल हातात घेऊन बसतो. फ्लोरिडात डिस्नेच्या भोजनगृहासाठी जागा धरणारे कुटुंबही साठ दिवस आधी तेच करत असते. दोघांनाही एका गोष्टीची भीती आहे: उशीर झाला तर आपल्याला जागा नाही. फरक इतकाच की दिंडोशीकराला गावी गेल्यावर काय करायचे ते ठरवावे लागत नाही. आरती, भजन, पंगत यांची आखणी गावाने केव्हाच केलेली असते. त्याचे नियोजन दारापर्यंतचे असते. पुढे परंपरा त्याला आत घेते. थीम पार्कच्या पाहुण्याला फाटकाच्या आतही आपला दिवस तासातासाने आखावा लागतो.

तेव्हा थीम पार्कच्या सुट्टीला किती पूर्वनियोजन लागते? व्यावहारिक उत्तर थोडक्यात देता येते. शहराजवळच्या उद्यानाला जायचे तर मधला वार, जाण्यायेण्याची खात्रीची सोय, आधी काढलेले तिकीट, आणि मुलांना खरोखर हव्या असलेल्या दोन-तीन खेळांची निवड, इतके पुरते. परदेशी जायचे तर काही महिने. ऐतिहासिक उत्तर असे की जितकी कामे समाज वाटून घेत नाही तितके नियोजन एका घराला लागते, आणि त्या घरात ते बहुधा एकाच व्यक्तीला लागते. जत्रा सोपी होती, कारण तिच्यामागे सारे गाव राबत असे. आजच्या सहलीमागे तेवढाच राबता आहे. राबणारे हात मात्र दोनच उरले आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णन वाचताना निघण्यापूर्वीची पाने उडवून पुढे जाऊ नये. पिशवी कोणी भरली, पैसे कोठून आले, मागे कोण राहिले, हे तिथे असते. क्वचित ते गाळलेलेही असते, आणि मग त्या गाळण्याचाही अर्थ लावावा लागतो. आपल्या घरातील सहलींच्या छायाचित्रांकडेही असेच पाहता येईल. त्यांत बहुधा सर्व जण हसत असतात. त्या दिवसाची यादी कोणाच्या हस्ताक्षरात होती, हे विचारायला घरातली ती व्यक्ती अजून असेल तर विचारून घ्यावे.